यादवराव पगाऱ्यांच्या दाढेची गळती-तपासणी

सातपूरच्या एका कारखान्यात व्हॉल्व्ह तयार होत आणि ते गळतात की नाही हे यादवराव पगारे ठरवत. व्हॉल्व्ह पाण्याच्या टाकीत बुडवायचा, आत हवा सोडायची आणि बुडबुडा येतो का ते बघत उभं राहायचं, असं ते काम. ऐकायला सोपं वाटतं, पण वर्षानुवर्षं बुडबुड्याची वाट बघण्यात माणसाचा एक स्वभाव बनत जातो. यादवरावांचा तो पक्का बनला होता. दारात पाहुणा उभा राहिला तर ते आधी त्याच्या चपलेचा अंगठा नीट शिवलाय का ते बघत आणि मग जयभीम घालत. भाचीच्या लग्नात त्यांनी नव्या जावयाचा हात हातात घेतला तो सोडेचनात. पुढे कळलं की हाताला घाम येतो का ते बघत होते.

हा गुण आईकडून आलेला. आई, म्हणजे चांगुणाबाई, सिन्नरजवळच्या गावी एकट्या राहत आणि गुळाच्या पाकातले शेवेचे लाडू करत. त्यांचा पाक असा की लाडू वळून झाले की त्यातला एक उचलून त्या फरशीवर टाकत. फुटला तर तो घाणा गल्लीत वाटायचा. नाही फुटला तर डबा भरून नाशिकला, यादवाकडे. आईच्या अभिमानाच्या दोनच गोष्टी होत्या. एक तिचे लाडू आणि दुसरे यादवाचे दात. बाभळीच्या काडीने घासून घासून आपण ते कसे वाढवले, हे ती एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईलासुद्धा सांगे. "माझा यादव सुपारी दातानं फोडतो," म्हणे. आता अर्धं आयुष्य सरलेला, डोक्यावर टक्कल पडलेला इन्स्पेक्टर सुपारी फोडतो यात सांगण्यासारखं काय आहे, असं त्या बाईला वाटत असेल. पण आईला ते कोण समजावणार?

आणि घोटाळा असा झाला की यादवरावांची खालची डावी दाढ मोडली, ती आईच्या लाडवावरच मोडली.

हे आईला सांगायचं कसं? सांगितलं तर तिचा लाडूही गेला आणि दातही गेले. यादवराव गप्प बसले. दुसऱ्या बाजूनेही लाडू चावायची त्यांची छाती होईना, तेव्हा डबा आला की तो गुपचूप शेजारच्या खंडेरावांकडे जाऊ लागला. खंडेराव जाधव पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेले. त्यांचे दात आणि सल्ले दोन्ही शाबूत होते. पण आई काय दुधखुळी होती? दिवाळीनंतर आली तेव्हा तिने स्वतःच्या हाताने लाडू पुढे केला. यादवराव म्हणाले, "नंतर खातो." पुढच्या खेपेला डबा अर्धाच आला. बुद्धपौर्णिमेला आई यायची होती. तोवर तोंडात दाढ पाहिजे आणि तिच्यासमोर लाडू कडाकडा चावून खाल्ला पाहिजे, असं त्यांनी ठरवलं.

जुने दातांचे डॉक्टर म्हणाले, काढघाल करायची दाढ बसवू. म्हणजे ती झोपताना वाटीत ठेवायची आणि आईला ती वाटी सापडायची. नको. मग कोणीतरी कॉलेज रोडवरच्या डॉ. बोरस्त्यांचं नाव सांगितलं. तरुण मुलगा, निफाडकडचा, मुंबईहून काहीतरी नवीन शिकून आलेला. हा म्हणे जबड्याच्या हाडात स्क्रू पिळतो, हाडाने तो धरला की त्यावर खुंटी बसवतो आणि खुंटीवर दाढ. यादवरावांना डॉक्टर माणसाच्या तोंडून 'स्क्रू' शब्द ऐकून बरं वाटलं. हा आपल्यातला वाटतो, असं ते लताबाईंना म्हणाले. लताबाई म्हणजे त्यांची बायको. ती म्हणाली, "अहो, आईंना सरळ सांगून टाका ना. दाढ मोडली, त्यात काय चोरी केली?" पण सरळ मार्ग घरातल्यांनी सुचवला की तो कोण धरतो?

स्क्रू बसला, हाडाने धरला, आणि पौर्णिमेला आठवडा उरला असताना डॉक्टरांनी दाढ चढवली. आरशात बघून यादवराव खूश झाले. तिथेच थांबले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण त्यांनी विचारलं, "डॉक्टर, खुंटी आणि स्क्रूच्या सांध्यात वॉशर कोणता घातलात?"

"वॉशर नसतो त्यात. धातूवर धातू बसतो."

"बरं. मग गळती कशी तपासली?"

डॉक्टर हसले. "पगारे साहेब, ही दाढ आहे. नळ नाही."

"वर्किंग प्रेशर किती धरलंय?"

"तुम्ही काय खाता त्यावर आहे."

"शेवेचा लाडू. गुळाच्या पाकातला. आईच्या हातचा."

डॉक्टरांच्या पुस्तकांत हा लाडू नव्हता. त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं, की जोराने चावताना सांधा अगदी बारीकसा उघडत असेल, केसाहूनही बारीक, आणि आठवड्याने स्क्रू पुन्हा आवळायला या, तेव्हा उघडून बघू. डॉक्टरांनी प्रामाणिक असावं, पण इन्स्पेक्टरसमोर इतकं नसावं. सांधा उघडतो, एवढंच यादवरावांच्या कानात राहिलं. आईसमोर लाडू चावताना सांधा उघडला आणि दाढ लाडवात रुतून बाहेर आली, तर? आई तो लाडू हातात धरून बघेल. पुढचं त्यांना कल्पनेतसुद्धा बघवेना.

खंडेरावांना ओसरीवरून नुसता वास लागला की सांधा गळतोय, आणि ते लगेच आले. "सूत गुंडाळा," ते म्हणाले. "सूत आणि वर सफेद्याचा लेप. मी अख्ख्या पंचवटीचे सांधे सुतावर धरून ठेवले होते." हे तोंडात आहे, असं सांगितल्यावर ते म्हणाले, "मग सफेदा कमी लावा." समोरच्या नवसाबाईंनी लवंग धरायला सांगितली. कशासाठी ते त्यांनाही माहीत नव्हतं, पण दाताचा विषय निघाला की लवंग सांगायची हा त्यांचा नियम होता. गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या भागीबाईंनी तर ही दाढ विकत घेतली तेव्हा गॅरंटी कार्ड मिळालं का, असं विचारलं. यादवराव रात्री पडल्या पडल्या याच प्रश्नावर विचार करत राहिले.

शेवटी त्यांनी ठरवलं की तपासणी आपण स्वतः करायची. आधी चावण्याचा जोर मोजायला हवा. कारखान्यात स्प्रिंगा दाबून बघायचं एक यंत्र होतं. जेवणाच्या सुट्टीत कोणी नसताना यादवराव त्याच्यापुढे उकिडवे बसले आणि त्याचा दांडा दाताखाली धरून चावला. काटा हलला. त्यांनी आणखी जोर लावला, डोळे बाहेर आले, आणि नेमके तेव्हाच कारखान्याचे मॅनेजर पुण्याच्या गिऱ्हाइकांना घेऊन आत आले. "आणि हा आमचा फायनल इन्स्पेक्शन विभाग," ते म्हणत होते. पाहुण्यांनी यंत्राला चावलेले फायनल इन्स्पेक्टर बघितले. यादवरावांनी दांडा सोडला, रुमालाने पुसला आणि गंभीरपणे म्हणाले, "ठीक आहे."

राहिली गळती. कारखान्यात तपासणीचा रंग असतो. तो सांध्यावर लावायचा, दाब द्यायचा, सांधा उघडायचा. आत रंग दिसला तर माल फेल. साधा हिशेब. यादवराव स्टोअरमध्ये गेले. स्टोअरवाला भिकन अहिरे नियमाचा माणूस.

"रंग पाहिजे थोडा."

"जॉब नंबर?"

"जॉब नंबर नाही. घरचं काम आहे."

"मशीन कोणतं?"

"तोंड."

भिकनने चष्मा वर केला. "पगारे साहेब, तोंडाला जॉब नंबर पडत नाही. आणि नंबर नसलेल्या मशीनला मी आजवर खिळा दिलेला नाही." यादवरावांना मनातून त्याचा आदरच वाटला. आणि तेलकट रंग पोटात जाईल हेही त्यांना नंतर सुचलं. ते तडक औषधांच्या दुकानात गेले आणि लहान मुलांच्या तोंडात फोड आले की लावतात ते जांभळं औषध घेऊन आले. तोंडाचंच औषध, भीती कसली?

डॉक्टरांची वेळ पौर्णिमेच्या आदल्या दिवशी होती. म्हणजे सकाळी रंग लावायचा, चावायचं, लगेच जाऊन सांधा उघडून घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी निर्धास्तपणे आईसमोर बसायचं. योजना निर्दोष होती. त्या औषधाचे दोन थेंब कापसावर घेऊन लावतात. पण सांधा पूर्ण बुडाल्याशिवाय तपासणी खरी नाही, हे यादवरावांच्या रक्तात होतं. त्यांनी बाटली तोंडात उपडी केली, दाढेखाली व्हॉल्व्हच्या जाड रबराचा तुकडा धरला आणि चावायला सुरुवात केली. लताबाई मोरीच्या दारात उभी राहून बघत होती. रबर चावणारा, गाल फुगवलेला, डोळे मिटून मनातल्या मनात आकडे मोजणारा आपला नवरा बघून तिला हसू आवरेना. तिचं हसू बघून यादवरावांना ठसका लागला.

मग मोरीच्या भिंती जांभळ्या झाल्या. बनियन, मिशी, ओठ, जीभ, दात, सगळं जांभळं. नवी दाढ तेवढी पांढरी असेल असं त्यांना वाटलं होतं. तीही जांभळीच होती. तोंडाला रुमाल बांधून ते कॉलेज रोडला गेले तर दवाखान्याच्या दाराला कुलूप आणि खडूने लिहिलेलं, 'डॉक्टर लग्नाला गेले आहेत. परवा येतील.' वैशाखात निफाडच्या माणसाची वेळ घ्यायची आणि लग्नसराई विसरायची, ही चूक इन्स्पेक्टरची म्हणावी लागेल.

लिंबू झालं, खोबरेल झालं, खायचा सोडा झाला. लताबाईंनी भांड्याच्या राखेपर्यंत मजल मारली. रंग ढिम्म हलला नाही. यादवराव आरशासमोर बसून राहिले. "उद्या आई येणार," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज इतका बारीक होता की लताबाईंचं हसणं थांबलं.

बुद्धपौर्णिमेच्या सकाळी सगळी कॉलनी पांढऱ्या कपड्यांत विहाराकडे निघाली. दरवर्षी तिथे यादवरावांचं छोटंसं भाषण असे. ते अंगणात आले, पण तोंड घट्ट मिटलेलं. खंडेरावांनी विचारलं, "काय साहेब, भाषणाची तयारी?" यादवरावांनी हात जोडले. खंडेरावांनी दुसऱ्यांदा विचारलं, त्यांनी दुसऱ्यांदा हात जोडले. लताबाईंना काय सुचलं कोण जाणे, ती म्हणाली, "त्यांनी मौन धरलंय."

झालं. इगतपुरीला विपश्यनेला जाऊन आलेली माणसं मौन धरतात हे नाशकात सगळ्यांना माहीत होतं, पण आपल्या गल्लीतल्या माणसाने धरावं म्हणजे केवढी गोष्ट. विहारात भाषणाच्या जागी मंडळाच्या अध्यक्षांनी यादवरावांच्या मौनाबद्दलच भाषण केलं. बायका पोरांना पुढे ढकलून त्यांच्या पाया पडायला लावू लागल्या. यादवराव मिटल्या तोंडाने मान हलवत राहिले. आयुष्यात इतका मान त्यांना कधी मिळाला नव्हता, आणि खरं सांगायचं तर घटकाभर त्यांना तो आवडलाही.

घरी परततात तो दारात आई. पांढरं पातळ, हातात पिशवी, पिशवीत डबा. या वेळी डबा भरलेला होता. मागून खंडेराव, नवसाबाई आणि पोरांसकट आणखी चार माणसं मौनाचं पुढे काय होतं ते बघायला आलेलीच होती.

"यादवा," आई म्हणाली, "कसा हायेस?"

यादवरावांनी हात जोडले.

"अरे, बोल की."

लताबाई म्हणाली, "आई, त्यांनी मौन धरलंय आज."

"माझ्याशीबी?" आई म्हणाली. तिने डबा उघडला, एक लाडू काढला आणि पुढे केला. "नको बोलू. खा तरी."

यादवरावांनी मान हलवली. खायचं तर तोंड उघडावं लागणार. आईचा हात तसाच पुढे राहिला. तो अवघडलेला क्षण खंडेरावांना बघवेना. माणूस मनाने चांगला, म्हणून त्यांनी मदत केली. "आजी, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. तुमचा लाडू वाया नाही जात. वर्षभर मीच खातोय सगळे. एक नंबर होतात."

आईने लाडू परत डब्यात ठेवला. झाकण लावलं. ते नीट बसलं का ते दाबून बघितलं. पिशवी उचलली आणि लताबाईंना म्हणाली, "सिन्नरची गाडी मिळंल आता. येते मी." तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, आणि तेच यादवरावांना सहन झालं नाही. ती फाटकापाशी पोचली.

"आई, थांब," ते ओरडले.

आई वळली. सगळेच वळले. मौन सोडलेल्या तोंडात जांभळी जीभ, जांभळे दात आणि जांभळ्या हिरड्या होत्या. पाया पडून गेलेली पोरं आपापल्या आयांच्या पदराआड लपली.

चांगुणाबाई जवळ आल्या. "जांभळं तर अजून पिकली बी नाय," त्या म्हणाल्या. "काय खाल्लंस? आ कर."

यादवरावांनी आ केला आणि त्याच दमात सगळं सांगून टाकलं. दाढ मोडली, तुझ्याच लाडवावर मोडली, तुला वाईट वाटेल म्हणून लपवलं, स्क्रू बसवला, सांधा गळतो का ते बघत होतो, डॉक्टर लग्नाला गेला. तोंड उघडं ठेवून बोलल्यामुळे अर्धं कोणाला कळलं नाही. आईला सगळं कळलं. तिने त्यांना उजेडाकडे वळवलं, बोट आत घातलं आणि दाढ धरून हलवून बघितली. पुढून, मागून, वरून. लहानपणी दुधाचा दात हलायचा तेव्हा अशीच बघायची.

"घट हाय," ती म्हणाली. "मंग वर्सभर मला का रडवलंस? मला वाटलं, शहरात राहून माझं खाणं नकोसं झालं तुला."

यादवरावांनी तिच्या पिशवीतला डबा उघडून एक लाडू घेतला. नवसाबाई म्हणाल्या, "राहू द्या हो दादा, सांधा उघडेल." पण आता सांधा उघडो नाहीतर जबडा, ते मागे हटणार नव्हते. त्यांनी लाडू डाव्या बाजूला, बरोबर नव्या दाढेखाली धरला. कडाक. लाडू फुटला. दाढ जागच्या जागी. खंडेरावांनी टाळी वाजवली. यादवरावांनी चावलं, गिळलं, आणि छाती फुगवून दुसरा घास घेतला.

या वेळचा आवाज वेगळा होता.

यादवरावांनी तोंड धरलं. हळूच तळहातावर काहीतरी काढलं. दातेरी कडा असलेला जांभळा तुकडा. "गेली," खंडेराव म्हणाले. "तरी मी सूत गुंडाळा म्हणत होतो."

आईने तुकडा घेतला, पदराने पुसला आणि पुन्हा तोंडात बोट घालून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग तिचा चेहरा बदलला.

"स्क्रूवाली हाय तिथंच हाय," ती म्हणाली. "ही तिच्या शेजारची. ही माझी, बाभळीच्या काडीची." तिने तुकडा बोटांत फिरवला. लेकाच्या तोंडून तिने कारखान्याचे शब्द खूप ऐकले होते. "डॉक्टरचा माल पास झाला रे यादवा. माझाच फेल निघाला."

आणि ती हसायला लागली. हसता हसता फाटकाशीच खाली बसली. लताबाई हसली, नवसाबाई हसल्या, पोरं पदराआडून बाहेर आली. यादवराव एक हात गालावर धरून हसायचा प्रयत्न करत होते आणि दर हसण्याला कळ येत होती. मग आईने घरातून खलबत्ता मागवला, उरलेला लाडू अंगणातच कुटला, पौर्णिमेच्या खिरीत मिसळला आणि चमच्याने भरवला. सगळ्या गल्लीसमोर. मौनी माणसाचा मान त्या खिरीबरोबर गेला, पण खीर चांगली झाली होती.

डॉक्टर आल्यावर आईही दवाखान्यात बरोबर गेली. यादवरावांचं जांभळं तोंड बघून डॉक्टरांनी आधी हातमोजे चढवले. त्यांनी दाढ सोडवली, सांधा उघडला आणि दिव्याखाली धरला. आतल्या कडेला जांभळी रेघ होती. बारीक, पण होती. यादवराव ती रेघ बघत राहिले. असल्या रेघेवर त्यांनी व्हॉल्व्हचे ढीग परत पाठवले होते.

"म्हणालो होतो ना," डॉक्टर म्हणाले. "जोर पडला की थोडं आत जातंच. अजून कोणाला पूर्ण बंद करता आलेलं नाही. स्वच्छ ठेवायचं, अधूनमधून आवळून घ्यायचं."

"लय गळतंय का?" आईने वाकून विचारलं.

"नाही," यादवराव म्हणाले. "असेल एखादा बुडबुडा." आणि डॉक्टरांकडे वळून त्यांनी तो शब्द उच्चारला, जो त्यांनी गळक्या मालाला आजवर कधी लावला नव्हता. "पास. बसवा."

आईने मोडलेल्या दाढेचा तुकडा पदराच्या गाठीत बांधला. पडलेला दात कौलावर टाकायचा असतो, म्हणजे नवा चांगला येतो. यादवाच्या लहानपणी तिने असे सगळे दात टाकले होते. या कॉलनीत सगळीकडे स्लॅब, म्हणून ती तुकडा घेऊन गावी गेली. पन्नाशीला टेकलेल्या माणसाला दाढ येत नाही, हे तिला कोणी सांगायला गेलं नाही. यादवरावही गेले नाहीत.

पावसाळ्यात सिन्नर गाडीच्या कंडक्टरबरोबर डबा आला. झाकणाला सुतळी, आत लाडू. यादवरावांनी एक हातात घेतला तर तो बोटांनी दबला. आयुष्यात पहिल्यांदा आईने पाक कच्चा काढला होता. कंडक्टर म्हणाला, "आजींनी विचारलंय, दाढ आली का?"

यादवरावांनी जिभेने चाचपून बघितलं. डॉ. बोरस्त्यांनी गेल्याच आठवड्यात तिथे दुसरा स्क्रू पिळला होता.

"येतेय म्हणावं," ते म्हणाले, आणि लाडवाचा घास घेतला.